हिस्टोनवरच्या खुणा मोजायच्या कशा? प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

"मॅडम, हिस्टोनचं अ‍ॅसिटिलेशन मोजायचंय, कोणतं किट मागवू?" प्रयोगशाळेत नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न घेऊन येतो. हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं, आणि खुणा म्हणजे त्यांच्यावर बसणारे अ‍ॅसिटिल, मिथिल यांसारखे छोटे रासायनिक गट. किटचं नाव सांगण्याआधी मी उलट विचारते: तुला ते किती आहे हे हवंय, कुठे आहे हे हवंय, की कोणाच्या सोबतीनं आहे हे हवंय? बहुतेकांनी हा विचार केलेला नसतो. तो न करता कामाला लागलं की दोन-तीन महिन्यांनी हातात एक सुरेख ब्लॉट असतो आणि प्रश्न मात्र एखाद्या विशिष्ट जनुकाच्या प्रमोटरबद्दलचा (जनुक जिथून वाचायला सुरुवात होते त्या भागाबद्दलचा) असतो. त्या ब्लॉटमध्ये त्याचं उत्तर कधीच सापडणार नसतं.

ढोबळ हिशेब असा. एखादी खूण संपूर्ण पेशीत वाढली की घटली, एवढंच हवं असेल तर वेस्टर्न ब्लॉट पुरतो: जेलवर वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवायची आणि हवं ते अँटिबॉडीनं, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनानं, शोधायचं. नेमके आकडे हवे असतील तर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं तंत्र. खूण जनुकसंचात कोणत्या जागी बसली आहे हे पाहायचं तर चिप, म्हणजे क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोन मिळून झालेला धागा) इम्युनोप्रेसिपिटेशन, किंवा तिच्या नव्या भावंडांपैकी एक. आणि एकाच शेपटीवर दोन खुणा एकत्र आहेत का, हा प्रश्न असेल तर पुन्हा मास स्पेक्ट्रोमेट्रीकडेच यावं लागतं.

थोडी उजळणी

केंद्रकात डीएनए मोकळा पडलेला नसतो. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ ही चार हिस्टोन प्रथिनं प्रत्येकी दोन अशी आठ जमून एक रीळ तयार होतं आणि त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या पावणेदोनला जरा कमी इतके वेढे घेतात. हा न्यूक्लिओसोम. त्याची बारकाव्यांसह स्फटिकरचना १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. रिळाबाहेर हिस्टोनांच्या लवचीक शेपट्या निघालेल्या असतात आणि आपल्याला मोजायच्या त्या बहुतेक खुणा या शेपट्यांवर असतात. अ‍ॅसिटिलेशनचा जनुकांच्या कामाशी संबंध असावा ही कल्पना व्हिन्सेंट ऑलफ्रे यांनी १९६४ मध्येच मांडली होती. पण ती खूण लावणारं एन्झाइम आणि जनुकाचं सक्रिय होणं यांचा धागा जुळायला १९९६ उजाडलं. डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या गटानं टेट्राहायमिना या एकपेशीय जीवात ते एन्झाइम शोधलं, आणि ते यीस्टमधल्या जीसीएन५ या आधीच माहीत असलेल्या जनुक-नियामकाचं भाऊबंद निघालं.

खुणांची नावं पहिल्यांदा वाचताना अंगावर येतात, पण ती सरळ पत्त्यासारखी आहेत. एच३के२७एमई३ म्हणजे एच३ हिस्टोन, त्यातलं २७ व्या जागेवरचं लायसिन, त्यावर तीन मिथिल गट. लायसिनचं एकाक्षरी चिन्ह के. एच३के२७एसी म्हणजे त्याच जागेवर अ‍ॅसिटिल गट. एकाच लायसिनवर हे दोन्ही एकाच वेळी राहू शकत नाहीत, हे लक्षात ठेवा.  एच३के४एमई३ चालू जनुकांच्या प्रमोटरवर असतं, एच३के२७एसी सक्रिय प्रमोटर आणि एन्हान्सरवर (जनुकाचं काम दुरून वाढवणाऱ्या पट्ट्यांवर), एच३के३६एमई३ वाचल्या जाणाऱ्या जनुकाच्या अंगावर पसरलेलं, एच३के२७एमई३ पॉलिकोम्ब यंत्रणेनं बंद केलेल्या जागी आणि एच३के९एमई३ कायमच्या मिटलेल्या हेटरोक्रोमॅटिनमध्ये.

पेशी गोळा करताना

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. प्रोटोकॉलमध्ये मात्र या टप्प्याला एक ओळ मिळते.

पेशी फोडल्यावर एन्झाइमं काम थांबवत नाहीत. डीअ‍ॅसिटिलेज अ‍ॅसिटिल गट काढत राहतात, फॉस्फटेज फॉस्फेट काढत राहतात, प्रोटिएज शेपट्याच कुरतडतात. म्हणून सगळं बर्फावर, आणि बफरमध्ये प्रोटिएज इनहिबिटर, अ‍ॅसिटिलेशन मोजायचं असेल तर ५ ते १० मिलिमोलर सोडियम ब्युटिरेट, फॉस्फोरिलेशन मोजायचं असेल तर फॉस्फटेज इनहिबिटर. हे आयत्या वेळी घालायचे असतात. महिनाभर फ्रीजमध्ये पडून असलेल्या बफरवर विसंबू नका.

दुसरी गोष्ट पेशींच्या अवस्थेची. एच३च्या १०व्या सेरिनवरचं फॉस्फोरिलेशन पेशीविभाजनाच्या वेळी प्रचंड वाढतं. समजा औषध दिलेल्या डिशमध्ये पेशी विरळ आहेत आणि जोमानं विभागतायत, तर कंट्रोल डिश गच्च भरून थांबलेली आहे. मग तुम्ही औषधाचा नव्हे, गर्दीचा परिणाम मोजाल. दोन्ही डिश सारख्या भरलेल्या असताना, एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं गोळा करा. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाकडून ट्यूबांवर सांकेतिक क्रमांक घालून घ्या, म्हणजे कोणता नमुना कोणता हे काम करताना तुम्हाला कळणार नाही.

आम्लानं हिस्टोन काढणं

पद्धत जुनी आहे आणि आजही उत्तम चालते. हिस्टोनांमध्ये लायसिन आणि आर्जिनिन खच्चून भरलेले असल्यामुळे ती सौम्य आम्लात विरघळलेली राहतात; डीएनए आणि बहुतेक बाकीची प्रथिनं साका होऊन खाली बसतात.

पेशी थंड पीबीएसनं धुवा. मग कमी क्षाराच्या बफरमध्ये थोडं ट्रायटन (डिटर्जंट) घालून बर्फावर १० मिनिटं ठेवा, म्हणजे पेशीचं आवरण फुटेल आणि केंद्रक शाबूत राहील. हलकेच सेंट्रिफ्यूज करा. खाली केंद्रकांचा पांढरट गोळा दिसेल. तो एकदा धुऊन ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक किंवा ०.४ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात विरघळवायला घ्या. गाठी राहू देऊ नका. थोडं थोडं आम्ल घालत, ट्यूब हलवत राहायचं. ४ अंश सेल्सिअसला किमान अर्धा तास, सोयीचं असेल तर रात्रभर फिरत ठेवा. मग १६,००० जी वर १० मिनिटं. इथे नवे लोक सवयीनं वरचं पाणी फेकून गोळा ठेवतात. थांबा: आपले हिस्टोन वरच्या द्रावणात आहेत.

ते द्रावण नव्या ट्यूबमध्ये घ्या आणि त्यात ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल थेंबथेंब घालून अंतिम प्रमाण ३३ टक्क्यांपर्यंत न्या. द्रावण दुधाळ होईल. बर्फावर अर्धा तास ठेवून पुन्हा जोरात फिरवा. आता खाली गोळा शोधाल तर बहुधा दिसणार नाही. हिस्टोन ट्यूबच्या भिंतीवर पातळ थरासारखे चिकटलेले असतात. म्हणून फिरवण्याआधी ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला पेननं खूण करा आणि अ‍ॅसिटोननं धुताना पिपेटचं टोक त्या बाजूला लावू नका. हा थर खरवडला गेला तर सगळी मेहनत अ‍ॅसिटोनबरोबर वाहून जाते. दोनदा धुवा, हवेत वाळवा, पाण्यात विरघळवा.

किती मिळेल? माणसाच्या एका पेशीत साडेसहा पिकोग्रॅमच्या आसपास डीएनए असतो आणि हिस्टोनांचं वजन साधारण तेवढंच. म्हणजे १ कोटी पेशींमधून कागदावर ६५ मायक्रोग्रॅम. प्रत्यक्ष हातात येतील ते त्याहून कमी. आकडा ब्रॅडफर्डनं (रंगानं प्रथिन मोजण्याच्या पद्धतीनं) काढत असाल तर तो जपून वापरा. त्यातला रंग आर्जिनिनसारख्या अल्कधर्मी अमिनो आम्लांना विशेष चिकटतो, त्यामुळे अल्ब्युमिनच्या मापावर काढलेला हिस्टोनांचा आकडा खरा नसतो. नमुने सारखे करायचे असतील तर मी जेलवर कुमॅसीनं रंगवून पट्ट्या डोळ्यांनी आणि स्कॅनरनं जुळवते. ११ ते १७ किलोडाल्टनच्या दरम्यान चार हिस्टोनांच्या ठसठशीत पट्ट्या दिसल्या पाहिजेत. त्याऐवजी नुसता लांबट फराटा दिसला तर प्रोटिएजनी आपलं काम केलं आहे. तो नमुना पुढे नेऊ नका.

वेस्टर्न ब्लॉट

हिस्टोन लहान असतात, म्हणून १५ टक्के जेल घ्या आणि रंगाची रेघ जेलच्या तळाशी पोचायच्या आत थांबा. मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉन छिद्रांचा हवा. नेहमीच्या ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून एच४ सारखी ११ किलोडाल्टनची प्रथिनं आरपार निघून जातात आणि आपण अँटिबॉडीला दोष देत बसतो. मी स्वतः सुरुवातीचे दोन आठवडे असेच घालवले. ट्रान्स्फर झाल्यावर पॉन्सोनं मेम्ब्रेन रंगवून बघितला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आम्लानं काढलेले १ ते २ मायक्रोग्रॅम हिस्टोन एका कप्प्यात पुरतात. जास्त घातल्यास पट्टी इतकी गडद होते की दुप्पट फरकही दिसत नाही. म्हणून पहिल्या ब्लॉटवर एकच नमुना निम्मा-निम्मा करत चार-पाच कप्प्यांत चालवा आणि पट्टीची तीव्रता त्याच प्रमाणात उतरते का ते पाहा. ज्या टप्प्यात उतरते त्याच टप्प्यात पुढचं सगळं काम करायचं.

लोडिंग कंट्रोल (प्रत्येक कप्प्यात सारखाच नमुना पडला का हे दाखवणारी पट्टी) म्हणून अ‍ॅक्टिन नको, एकूण एच३ हवं. आणि एकूण एच३ची अँटिबॉडी शक्यतो शेपटीच्या विरुद्ध, म्हणजे सी-टोकाकडची घ्या. शेपटीवर बसणारी "एकूण" अँटिबॉडी खुणांमुळेच अडते, मग भाजकच हलायला लागतो. एकच मेम्ब्रेन धुऊन पुन्हा वापरण्यापेक्षा दोन रंगांच्या फ्लुओरोसंट अँटिबॉडी एकाच वेळी वापरणं जास्त भरवशाचं.

दोन कंट्रोल प्रत्येक ब्लॉटवर असावेत. ब्युटिरेट किंवा ट्रायकोस्टॅटिन-ए (दोन्ही डीअ‍ॅसिटिलेज रोखतात) दिलेल्या पेशींचे हिस्टोन, ज्यांत अ‍ॅसिटिलेशन वाढलेलं असतंच. आणि जिवाणूंमध्ये बनवलेलं रिकॉम्बिनंट एच३, ज्यावर या खुणा नसतात. या कोऱ्या एच३वरही तुमची अँटिबॉडी चमकली, तर ती खूण बघत नाहीये.

अँटिबॉडी: इथे वेळ द्या

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हा भाग ठेवा. मास स्पेक्ट्रोमेट्री सोडली तर वरच्या सगळ्या पद्धती अँटिबॉडीच्या शब्दावर चालतात. ती जे सांगेल ते आपण खरं मानतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत हिस्टोनच्या खुणांसाठीच्या २०० हून जास्त अँटिबॉडी पारखल्या गेल्या आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक अँटिबॉडी नेमकेपणाच्या चाचणीत नापास झाल्या. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल अँटिबॉडीमुळे लॉटगणिक होणारा फरक कमी झाला आहे, तरी पारखून घेण्याची गरज संपलेली नाही.

अडचण कुठून येते ते समजलं की पारख सोपी होते. एच३मधलं ९वं लायसिन आणि २७वं लायसिन, दोन्हींच्या शेजारची अक्षरं सारखीच आहेत: अ‍ॅलनिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन. म्हणून के९एमई३ची अँटिबॉडी के२७एमई३वर आणि उलट चिकटण्याचा धोका कायम असतो. मोनो, डाय आणि ट्राय-मिथिलमधला फरक एकेका लहानशा गटाचा. तोही अँटिबॉडी चुकवू शकते. आणि तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. खूण जागेवर असते, पण शेजारी आणखी एक खूण आल्यामुळे अँटिबॉडीला ती दिसत नाही. १०व्या सेरिनवर फॉस्फेट बसला की के९एमई३च्या अनेक अँटिबॉडी आंधळ्या होतात. विभाजनाच्या वेळी के९एमई३ "नाहीसं झालं" असं वाटतं, प्रत्यक्षात ते झाकलेलं असतं. एच४च्या अ‍ॅसिटिलेशनमध्ये उलटं दिसतं. एका जागेसाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही अँटिबॉडी शेजारच्या जागाही अ‍ॅसिटिल झालेल्या शेपटीला जास्त ओढीनं धरतात.

पारखायचं कसं? पहिलं, डॉट ब्लॉट. खूण असलेले आणि नसलेले कृत्रिम पेप्टाइड, शेजारच्या खुणांसह, मेम्ब्रेनवर ठिपक्यांनी ठेवा आणि अँटिबॉडी कोणाला ओळखते पाहा. दुसरं, खूण काढून टाका. के२७एमई३ असेल तर ती खूण लावणारं ईझेडएच२ हे एन्झाइम रोखणारं औषध काही दिवस द्या. सिग्नल पडला पाहिजे. न पडल्यास अँटिबॉडी दुसरंच काही पाहतेय. काही दिवस म्हणते, कारण मिथिल गट अ‍ॅसिटिलसारखे तासाभरात जात नाहीत, ते बऱ्याच अंशी पेशी विभागत गेल्यावर विरळ होतात. तिसरं, चिपसाठी वापरणार असाल तर चिपच्याच परिस्थितीत तपासा. यासाठी ज्ञात खुणा आणि डीएनएवर ओळखीचा बारकोड असलेले तयार न्यूक्लिओसोम मिळतात. ते नमुन्यात मिसळले की कोणता बारकोड किती वर आला यावरून अँटिबॉडीची चलाखी उघडी पडते. ब्लॉटवर उत्तीर्ण झालेली अँटिबॉडी चिपमध्ये नापास होऊ शकते, याचा मला चांगलाच अनुभव आहे. एकदा आमच्याकडे मध्येच लॉट बदलला, कुणी नोंद ठेवली नव्हती, आणि जुन्या-नव्या प्रयोगांमधला फरक जीवशास्त्राचा समजून आम्ही त्यामागे कित्येक आठवडे धावलो. तेव्हापासून प्रत्येक ट्यूबचा लॉट क्रमांक वहीत लिहिल्याशिवाय मी झाकण उघडत नाही.

एलायझाबद्दल (जेलशिवाय, प्लेटवरच अँटिबॉडीनं मोजण्याची पद्धत) थोडक्यात: अनेक नमुने पटकन चाळायचे असतील तर उपयोगी, पण पट्टीचा आकार दिसत नसल्यामुळे चुकीचं प्रथिन पकडलं गेलं तरी कळत नाही. आधी ब्लॉट, मग एलायझा. पेशी-पेशींमधला फरक हवा असेल तर इम्युनोफ्लुओरेसन्स किंवा फ्लो सायटोमेट्री.

चिप: खूण कुठे आहे?

कल्पना साधी आहे. प्रथिनं आणि डीएनए जागच्या जागी बांधून टाका, क्रोमॅटिनचे तुकडे करा, खूण असलेले तुकडे अँटिबॉडीनं ओढून घ्या आणि त्यांच्यातला डीएनए वाचा.

बांधण्यासाठी फॉर्मल्डिहाइड, अंतिम प्रमाण १ टक्का, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं. १० मिली माध्यमात ३७ टक्क्यांचं २७० मायक्रोलिटर घातलं की प्रमाण साधारण जमतं. बाटली जुनी नको. बंद अँप्यूलमधलं, मिथेनॉल नसलेलं मिळालं तर उत्तम. वेळ संपताच १२५ मिलिमोलर ग्लायसिन घालून ५ मिनिटं थांबा. "जरा जास्त बांधलं तर बरं" असं वाटतं, पण जास्त बांधलेलं क्रोमॅटिन तुटत नाही आणि अँटिबॉडीची जागाही झाकली जाते. हिस्टोन डीएनएला मुळातच घट्ट धरून असतात, त्यामुळे फॉर्मल्डिहाइडशिवायही काम होतं. त्याला नेटिव्ह चिप म्हणतात. त्यात मायक्रोकॉकल न्यूक्लिएज हे एन्झाइम रिळांमधला डीएनए कापतं आणि एकेक न्यूक्लिओसोम सुटा होतो.

बांधलेलं क्रोमॅटिन सोनिकेटरनं तोडतात. लक्ष्य २०० ते ५०० बेस-जोड्या. नमुना गरम होऊ देऊ नका आणि फेस येऊ देऊ नका. किती वेळ सोनिकेट करायचं हे कुठल्या पेपरमधून उचलता येत नाही. पेशी, बफर, ट्यूब, यंत्र, सगळ्यावर ते अवलंबून असतं. पहिल्या दिवशी फक्त हेच करा: ठरावीक वेळांनी थोडा थोडा नमुना काढा आणि १.५ टक्के अ‍ॅगरोजवर चालवा. मात्र चालवण्याआधी क्रॉसलिंक (फॉर्मल्डिहाइडनं घातलेल्या गाठी) सोडवायला विसरू नका. प्रथिनं चिकटलेला डीएनए जेलमध्ये रेंगाळतो आणि तुकडे आहेत त्यापेक्षा मोठे भासतात.

अँटिबॉडी घालण्याआधी १ टक्का क्रोमॅटिन बाजूला काढा. हे इनपुट. याच्याशिवाय पुढचा एकही आकडा निघणार नाही. उरलेलं क्रोमॅटिन असं पातळ करा की एसडीएस (बफरमधला डिटर्जंट) ०.१ टक्क्यापर्यंत येईल, कारण जास्त एसडीएसमध्ये अँटिबॉडी मोडते. एका नमुन्यासाठी काही लाख ते काही दशलक्ष पेशींचं क्रोमॅटिन आणि २ ते ५ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी, ४ अंशाला रात्रभर फिरत. सकाळी प्रोटीन ए किंवा जी लावलेले चुंबकीय बीड्स. नंतर धुणं: कमी मिठाचा बफर, जास्त मिठाचा, लिथियम क्लोराइडचा, शेवटी टीई. धुताना घाई करू नका; प्रत्येक वेळी ५ मिनिटं फिरू द्या आणि शेवटच्या धुण्याला ट्यूब बदला. प्लॅस्टिकला चिकटलेला डीएनए पार्श्वभूमी वाढवतो. मग १ टक्के एसडीएस आणि सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात नमुना सोडवून घ्या, मीठ घाला आणि ६५ अंशाला रात्रभर ठेवून क्रॉसलिंक उलटवा. इनपुटलाही हेच करायचं. आरएनेज, प्रोटिनेज के, आणि डीएनए शुद्ध करा.

आता क्यूपीसीआर, म्हणजे एखादा डीएनए तुकडा किती आहे हे त्याच्या प्रती वाढवत मोजणं. हिशेब एकदा हातानं करून बघाच. समजा १ टक्के इनपुटचा सीटी (सिग्नल ठरावीक उंबरठा ओलांडतो ते चक्र) २७ आला. इनपुट १०० पट कमी घेतलं होतं, आणि १०० पट म्हणजे ६.६४ चक्रं. म्हणजे सगळं क्रोमॅटिन घेतलं असतं तर सीटी २०.३६ आला असता. चिपच्या नमुन्याचा सीटी २३.३६ आहे. फरक ३ चक्रांचा. दर चक्राला निम्मं, म्हणजे आठवा हिस्सा, १२.५ टक्के इनपुट. साध्या आयजीजीचा (कोणतीच खूण न ओळखणाऱ्या अँटिबॉडीचा) सीटी ३०.३६ असेल तर फरक १० चक्रांचा, म्हणजे सुमारे ०.१ टक्का. चिप व्यवस्थित चालली आहे. मात्र हा हिशेब प्रायमर दर चक्राला दुप्पट करतात या गृहीतकावर उभा आहे, तेव्हा प्रायमरची कार्यक्षमता आधी तपासलेली हवी.

प्रत्येक चिपमध्ये एक जागा अशी ठेवा जिथे खूण नक्की असते आणि एक अशी जिथे नक्की नसते. चालू जनुकांच्या खुणांसाठी जीएपीडीएचचा प्रमोटर चालतो, नकारात्मक म्हणून जनुकं नसलेला एखादा पट्टा. शिवाय एकूण एच३ची चिप सोबत करा. जनुक चालू होताना प्रमोटरवरचे न्यूक्लिओसोमच हटतात. तिथे खूण कमी दिसली तर ती खूण गेली की ती धरणारं रीळच गेलं, हे एच३ शिवाय सांगता येत नाही.

संपूर्ण जनुकसंच वाचायचा असेल तर चिप-सीक, म्हणजे चिपनं मिळालेल्या डीएनएचं सीक्वेन्सिंग. ही पद्धत २००७ मध्ये आली. एच३के४एमई३सारख्या टोकदार खुणांसाठी जनुकसंचाचा अभ्यास करणाऱ्या एन्कोड प्रकल्पाची अपेक्षा प्रत्येक पुनरावृत्तीमागे २ कोटी वापरण्याजोग्या तुकड्यांची आहे, तर के२७एमई३ किंवा के३६एमई३सारख्या पसरट खुणांसाठी साडेचार कोटींची. जैविक पुनरावृत्ती किमान दोन. विश्लेषणातही टोकदार आणि पसरट खुणांची सेटिंग वेगळी असते. पसरट खूण टोकदार सेटिंगवर शोधली तर तिचे निरर्थक तुकडे हाती येतात.

सगळीकडेच घट झाली तर?

चिप-सीकचा हा खड्डा फार जणांना पाडतो. समजा औषधानं एक खूण संपूर्ण जनुकसंचात सारख्या प्रमाणात निम्मी झाली. कंट्रोल आणि औषध, दोन्ही नमुन्यांतून आपण २-२ कोटी तुकडे वाचतो. आलेखातल्या डोंगरांचा आकार तोच, जागा त्याच, वाचनंही तेवढीच. आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतात आणि आपण लिहितो, "फरक नाही." ब्लॉट मात्र निम्मी पट्टी दाखवत असतो.

उपाय म्हणजे स्पाइक-इन. प्रत्येक नमुन्यात सुरुवातीलाच, पेशींच्या प्रमाणात, फळमाशीचं क्रोमॅटिन ठरावीक मात्रेत मिसळायचं. माशीची वाचनं दोन्हीकडे सारखी यायला हवीत. औषधाच्या नमुन्यात ती दुप्पट आली तर त्याचा अर्थ आपल्या पेशींचा हिस्सा घटला. त्या प्रमाणात आकडे सुधारायचे. मिसळण्यातली पिपेटची चूक थेट निकालात उतरते, म्हणून इनपुटमधलंही माशीचं प्रमाण मोजा. मुलांच्या मेंदूतल्या काही गाठींमध्ये २०१२ मध्ये सापडलेला एच३चा के२७एम बदल (२७ व्या लायसिनच्या जागी मेथिओनिन) हे याचं ठळक उदाहरण. थोड्याशाच एच३ रेणूंवर बदल असूनही के२७एमई३ पेशीभर कोसळतं. अशा नमुन्यावर स्पाइक-इनशिवाय चिप-सीक करणं म्हणजे मुख्य गोष्टच हातची घालवणं.

कट अँड रन, कट अँड टॅग

पेशी कमी असतील तर इकडे वळा. २०१७ मध्ये आलेल्या कट अँड रनमध्ये क्रोमॅटिन बांधायचं नाही, तोडायचंही नाही. पेशी कॉन्कॅनॅव्हलिन-ए लावलेल्या चुंबकीय बीड्सना चिकटवायच्या, डिजिटोनिननं त्यांच्या आवरणाला भोकं पाडायची आणि आत अँटिबॉडी सोडायची. मागून प्रोटीन ए जोडलेलं मायक्रोकॉकल न्यूक्लिएज जातं आणि अँटिबॉडीपाशी जाऊन बसतं. कॅल्शियम दिलं की ते आजूबाजूचा डीएनए कापतं. हे बर्फाच्या पाण्यात, ० अंशाला करायचं, नाहीतर एन्झाइम भलतीकडेही कापत सुटतं. सुटलेले तुकडे आपणहून बाहेर येतात. २०१९ च्या कट अँड टॅगमध्ये न्यूक्लिएजऐवजी टीएन५ ट्रान्सपोझेज असतं. मॅग्नेशियम देऊन ३७ अंशाला तासभर ठेवलं की ते कापतानाच सीक्वेन्सिंगचे जोडतुकडे लावून टाकतं. पार्श्वभूमी इतकी कमी असते की काही दशलक्ष वाचनं पुरतात.

दोन गोष्टी जपा. डिजिटोनिनची मात्रा प्रत्येक पेशीप्रकारासाठी ट्रिपॅन ब्लूनं तपासा. जवळजवळ सगळ्या पेशी निळ्या व्हायला हव्यात, पण फुटायला नकोत. आणि टीएन५ला मोकळ्या डीएनएची ओढ असते. म्हणून कट अँड टॅगमध्ये ३०० मिलिमोलर मिठाचं धुणं वगळू नका. वगळल्यास के२७एमई३च्या नकाशात चालू प्रमोटर डोकावू लागतात, आणि ती खूण नसते, नुसता उघडा डीएनए असतो.

मास स्पेक्ट्रोमेट्री: अँटिबॉडीशिवाय

इथे खूण तिच्या वजनावरून ओळखतात. नेहमी प्रथिनं ट्रिप्सिननं कापतात, पण ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनपाशी कापतं आणि हिस्टोनच्या शेपट्या त्यांनीच भरलेल्या. तुकडे इतके बारीक होतात की यंत्राआधी त्यांना वेगळं करणाऱ्या स्तंभावर (कॉलमवर) टिकतच नाहीत. म्हणून आधी प्रोपिओनिक अनहायड्राइडनं मोकळी आणि एक मिथिल असलेली लायसिनं झाकतात. मग ट्रिप्सिन फक्त आर्जिनिनपाशी कापतं. कापल्यावर तुकड्यांची नवी टोकं पुन्हा एकदा झाकायची. या प्रक्रियेत आम्ल तयार होतं, म्हणून पीएच ८ च्या आसपास राखत राहावं लागतं. तो घसरला तर झाकणं अर्धवट राहतं आणि एकाच पेप्टाइडची चार निरनिराळी शिखरं दिसतात.

अ‍ॅसिटिल गटानं वजन ४२.०११ डाल्टननं वाढतं, तीन मिथिल गटांनी ४२.०४७ नं. फरक ०.०३६. उच्च विभेदनाचं यंत्र तो ओळखतं, आणि ट्राय-मिथिल पेप्टाइड स्तंभातून आधी बाहेर पडत असल्यामुळे वेळेवरूनही खात्री करता येते. निकाल टक्क्यांत मिळतो: एच३मधल्या ९ ते १७ या तुकड्याची सगळी रूपं मिळून १००, त्यात प्रत्येकाचा वाटा किती. दोन रूपं यंत्रात सारख्या सहजतेनं आयन होत नाहीत, म्हणून एका नमुन्यातल्या के९एमई२ आणि के९एसी यांची परस्पर तुलना करण्यापेक्षा एकाच रूपाची दोन नमुन्यांतली तुलना जास्त विश्वासार्ह.

सोबतीचा प्रश्नही इथेच सुटतो, पण एका मर्यादेत. २७ ते ४० या तुकड्यावर के२७ आणि के३६ दोन्ही असल्यामुळे ती एकत्र येतात का हे कळतं. के४ आणि के२७ मात्र वेगवेगळ्या तुकड्यांवर जातात. एकदा कापलं की कोण कोणाचं हे सांगता येत नाही. त्यासाठी ट्रिप्सिनऐवजी ग्लू-सी वापरून पहिल्या ५० अमिनो आम्लांची अखंड शेपटी वेगळी काढतात. ते काम अवघड आहे आणि त्यातला जाणकार शेजारी असल्याशिवाय सुरू करू नये. त्याच्याकडे जाताना आम्लानं काढलेले हिस्टोन, त्यांच्या कुमॅसी जेलचं छायाचित्र, पेशींची संख्या आणि बफरमध्ये काय काय घातलं होतं याची पूर्ण यादी सोबत न्या. बफरमध्ये थोडंसं ट्रायटन शिल्लक असेल तर ते आधीच सांगा; डिटर्जंट स्तंभात आणि यंत्रात शिरला की पुढच्या कित्येक जणांचे नमुने खराब होतात.